लहान डिझायनर पर्स रोज वापरायची आहे? घेण्याआधी अशी पारखा

दुकानात मांडलेल्या लहान पर्सच्या पोटात कागदाचे बोळे भरलेले असतात, त्यामुळे ती टुमदार आणि ताठ दिसते. आपण ती खांद्याला लावून आरशात बघतो, आवडते, आणि तिथेच निम्मा निर्णय होऊन जातो. दिसण्याला माझा अजिबात विरोध नाही. एवढे पैसे घालायचे तर वस्तू बघताच मन खुश व्हायला हवं. पण जी पर्स रोज हाताशी असणार, तिची परीक्षा आरशापुढे होत नाही. तुमचा फोन, किल्ल्या, चष्मा आणि गोळ्यांची पट्टी आत गेल्यावर झाकण सहज लागतं का? गर्दीत उभ्या उभ्या, एक हात अडकलेला असताना, दुसऱ्या हाताने किल्ली निघते का? लहान पर्स रोजची होणार की कपाटात पडून राहणार, हे मुख्यतः या दोन प्रश्नांवर ठरतं.

पहिल्यांदाच अशी पर्स घ्यायच्या विचारात असाल तर एक क्रम पाळा: आधी सामान, मग माप, मग चामडं आणि पट्टा, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. ब्रँडपासून सुरुवात केली की आपण पर्सच्या मापाने जगायला लागतो. एकेक गरजेची वस्तू घरी राहते आणि थोड्याच दिवसांत जुनी मोठी पर्स पुन्हा खांद्यावर येते.

आधी आताची पर्स टेबलावर उपडी करा

संध्याकाळी घरी आल्या आल्या, काहीही न आवरता, रोजची पर्स टेबलावर उपडी करा. आवरून मग रिकामी केलीत तर खरं चित्र दिसणार नाही. आता तीन ढीग करा. पहिल्यात आज प्रत्यक्ष हात लागलेल्या वस्तू. दुसऱ्यात आज लागल्या नाहीत पण वेळ आली तर हव्यातच अशा: औषधं, सॅनिटरी पॅड, फोनची वायर. तिसऱ्यात नुसत्याच सोबत फिरणाऱ्या: जुन्या पावत्या, न उमटणारं पेन, कधीच न लावलेली लिपस्टिक. कामाच्या दिवशी, सुट्टीच्या दिवशी आणि पावसात असं वेगवेगळ्या दिवशी हे करून बघा, कारण एकाच दिवसाचं सामान फसवं असतं.

तिसरा ढीग सोडणं सोपं आहे. घासाघीस होते ती दुसऱ्या ढिगात. इथे माझं मत ठाम आहे: औषध आणि पॅड यांच्यावर कात्री चालवायची नाही. जी पर्स या दोन गोष्टींना जागा देत नाही ती रोजची पर्स नव्हे. काटछाट करायचीच असेल तर वस्तूंपेक्षा त्यांच्या डब्यांची आणि पाकिटांची करा. लांब पाकीट अठरा-वीस सेंटिमीटरचं असतं आणि बऱ्याच लहान पर्समध्ये ते आडवं बसतच नाही. बँकेचं कार्ड मात्र जगभर एकाच मापाचं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. त्यामुळे चार-पाच कार्डं आणि घडी केलेल्या नोटा मावतील असं कार्ड होल्डर दहा सेंटिमीटरच्या आसपास आवरतं. चष्म्याच्या कडक डब्याऐवजी मऊ पाऊच, किल्ल्यांच्या जुडग्यातून जुन्या कुलपांच्या किल्ल्या बाहेर, क्रीमच्या मोठ्या ट्यूबऐवजी छोटी डबी. एवढ्यानेच पर्सची गरज बऱ्यापैकी खाली येते.

पाण्याची बाटली, छत्री, पुस्तक, डबा, लॅपटॉप यांचा विचार वेगळा करायचा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाण्याचंच वजन अर्धा किलो. ते लहान पर्सच्या पट्ट्यावर टाकलं तर पट्ट्याच्या मुळाशी असलेले टाके ताणले जातात आणि पर्स वाकडी होते. अशा वस्तूंसाठी घडी होणारी कापडी पिशवी सोबत ठेवा. लहान पर्स खांद्यावर, पिशवी हातात, ही जोडी खूप जणींना मानवते. दोन गोष्टी सांभाळणं ज्यांना नकोसं वाटतं त्यांनी मात्र इथेच थांबून मध्यम आकाराची पर्स बघावी. त्यात काही कमीपणा नाही, आणि पैसेही वाया जाणार नाहीत.

नावावर जाऊ नका, सेंटिमीटर बघा

मिनी, मायक्रो, नॅनो, स्मॉल, बीबी ही नावं प्रत्येक फॅशन घराण्याची, म्हणजे ब्रँडची, आपापली. एकाचं स्मॉल दुसऱ्याच्या मीडियमएवढं निघू शकतं. लुई व्हिताँच्या स्पीडीसारखी एखादी पर्स सोय करते, कारण तिच्या नावातला २५ किंवा ३० हा आकडाच तिची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो. बाकी ठिकाणी लांबी, उंची आणि खोली असे तीन आकडे शोधून लिहून घ्या.

या तिघांत नवीन माणूस लांबी बघतो. बघायला हवी ती खोली, म्हणजे पर्सच्या बुडाची रुंदी. खोली पाच सेंटिमीटर किंवा कमी असेल तर फोन, कार्डं, एखादी लिपस्टिक, बास. सात-आठ असेल तर चष्म्याचं पाऊच आणि किल्ल्या शेजारी शेजारी राहतात. दहाच्या पुढे गेली की लहान दिसणारी पर्सही दिवसभराचं सामान सहज घेते. शिवाय दिलेली मापं बहुतेक वेळा बाहेरची असतात. चामडं, अस्तर आणि शिवण यांत बाजूगणिक थोडी थोडी जागा जाते, म्हणून मी आतलं माप बाहेरच्यापेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमीच धरते.

आकारही फसवतो. वरच्या बाजूला निमुळती किंवा घुमटासारखी गोल होत जाणारी पर्स बुडाशी ऐसपैस असते, पण वर अरुंद. मोठा फोन साधारण सोळा सेंटिमीटर उंच असतो. तो अशा पर्समध्ये मधोमध उभा राहील, कडेला राहणार नाही. म्हणजे फोन मध्ये आणि बाकी सगळं त्याच्या अवतीभवती कोंबायचं. झिप किंवा तोंड किती सेंटिमीटर उघडतं हेही बघा. आत जागा आहे पण हात जात नाही, अशा पर्स पुष्कळ असतात.

आता एक काम करा, जे मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते. पुठ्ठ्याचा खोका बनवा. पसंतीच्या पर्सची मापं घ्या, पुठ्ठा कापा, चिकटपट्टीने पाचही बाजू जोडा आणि वरची बाजू पर्सचं तोंड जेवढं उघडतं तेवढीच उघडी ठेवा. पहिल्या दोन ढिगांतलं सामान त्यात भरा. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. मग डोळे मिटून किल्ली काढा, पुन्हा ठेवा, फोन काढा. खोक्याला दोरी बांधून तो खांद्याला अडकवा आणि घरातल्या दारांतून ये-जा करा. पुठ्ठ्याला चामड्याची लवचीकता नाही हे खरं, पण कडक बांध्याच्या पर्सही तशाच असतात, आणि मऊ पर्स थोडी जास्त सामावून घेईल एवढंच. ‘वापरून वापरून सैल होईल’ या भरवशावर लहान पर्स घेऊ नका. सैल झालेली पर्स म्हणजे ताणलेले टाके आणि फुगलेल्या बाजू.

खोक्याची दोरी आणखी एक गोष्ट शिकवते: पट्ट्याची उतरण. पट्टा खांद्यावर जिथे टेकतो तिथून पर्सच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे ही उतरण, आणि ब्रँड ती बहुधा देतात. वीस-पंचवीस सेंटिमीटर असेल तर पर्स काखेखाली बसते. आडवी घालायची असेल तर साधारण पन्नास ते साठ लागते, पण ते तुमच्या उंचीवर आणि अंगावरच्या कपड्यांच्या जाडीवर अवलंबून आहे. दोरी कमी-जास्त करून स्वतःचा आकडा काढा आणि लिहून ठेवा. पर्स कंबरेच्या हाडाच्या जरा वर थांबली तर चालताना मांडीवर आपटत नाही.

पट्टा हा लहान पर्सचा निम्मा उपयोग आहे. कोको शनेलने फेब्रुवारी १९५५ मध्ये साखळीच्या पट्ट्याची, चौकड्यांच्या शिवणीची पर्स आणली, तिचं नाव महिना आणि वर्षावरून २.५५ पडलं. हात मोकळे राहावेत हाच त्या साखळीचा उद्देश होता. साखळी दिसते देखणी, पण तिचं स्वतःचं वजन असतं, पातळ कपड्यांतून ती खांद्याला टोचते आणि बहुतेक वेळा तिची लांबी बदलता येत नाही. रोजसाठी मला भोकं आणि बक्कल असलेला चामड्याचा पट्टा जास्त पटतो. साखळीच हवी असेल तर खांद्यावर येणाऱ्या भागाला चामड्याची पट्टी लावलेली बघा. १९९७ मध्ये आलेली फेंडीची बॅगेट मूळची काखेत धरायची पर्स आहे. अशा आखूड पट्ट्याच्या पर्स जाड कोटावरून खांद्यावर चढतच नाहीत, तेव्हा थंडीतले कपडे घालूनच त्या बघा.

चामडं: पहिल्या पर्ससाठी काय घ्यावं

मऊ कोकराचं चामडं, ज्याला लॅम्बस्किन म्हणतात, हाताला इतकं सुंदर लागतं की ते सोडवत नाही. पण नखाचा ओरखडाही त्यावर उमटतो, आणि कोपरे लवकर घासले जातात. पहिली रोजची पर्स म्हणून मी ते सुचवणार नाही. त्याच्या जागी दाणेदार वासराचं चामडं घ्या. शनेलकडे ज्याला कॅव्हियर म्हणतात ते याच प्रकारातलं. दाण्यांमुळे बारीक ओरखडे लपतात आणि चामडं आकार धरून राहतं. साफियानो, म्हणजे आडव्या-तिरप्या बारीक रेघांचा ठसा दाबलेलं चामडं, प्राडाने प्रसिद्ध केलं. ते पाण्याचे थेंब आणि घासणं चांगलं सोसतं, मात्र कोपरा एकदा घासला की त्या गुळगुळीत ठिपक्याकडे लक्ष जातंच.

कोटेड कॅनव्हास म्हणजे चामडं नव्हे, प्लास्टिकचा लेप दिलेलं सुती कापड. लुई व्हिताँचं १८९६ पासून चालत आलेलं मोनोग्राम हल्ली अशाच कापडावर असतं. हलकं, पुसायला सोपं, पावसाला न घाबरणारं. सतत एकाच जागी दुमडलं तर मात्र तिथे चीर जाऊ शकते, आणि ती चीर नीट सांधता येत नाही. त्या पर्सच्या हँडलला बहुधा फिकं, लेप नसलेलं चामडं असतं. त्याला व्हॅचेटा म्हणतात. ऊन आणि हाताचा घाम लागून ते मधासारखं, मग तपकिरी होत जातं, आणि पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो. हा बदल ज्यांना आवडतो त्यांच्यासाठी ते छान आहे. ज्यांना वस्तू जशीच्या तशी राहायला हवी, त्यांनी गडद रंगाच्या हँडलची पर्स बघावी.

नायलॉनला कमी लेखू नका. प्राडाने १९८४ मध्ये नायलॉनची पाठपिशवी काढली, लाँगशांची घडी होणारी ल प्लियाज १९९३ ची, आणि दोन्ही घराण्यांच्या नायलॉनच्या पर्स आजही विकल्या जातात. ज्यांना रोज लांबचा प्रवास आहे, पाऊस आहे, खांदा दुखतो, त्यांनी आधी नायलॉन बघावं. सुएड, म्हणजे मखमली पोताचं चामडं, आणि चकचकीत लेपाचं पेटंट चामडं रोजसाठी नकोत. पहिलं पाणी आणि मळ शोषतं, दुसऱ्यावर शेजारच्या वस्तूचा रंग किंवा शाई चढते आणि उतरत नाही.

फिक्या रंगाची पर्स घेणार असाल तर आधी आपल्या जीन्स तपासा. निळ्या जीन्सचा रंग धाग्याच्या वरच्या थरात बसलेला असतो, म्हणून तो घासून सुटतो. पांढरा ओला रुमाल जीन्सच्या मांडीवर जोराने घासा. रुमाल निळा झाला तर ती पँट आणि फिकी पर्स एकत्र जाऊ शकत नाहीत.

दुकानात

सामान घरून घेऊन जा, एका मऊ पाऊचमध्ये. विक्रेत्याला विचारून पर्समधले कागद काढायला सांगा आणि सामान एकेक करून ठेवा. किल्ल्या सुट्या टाकू नका. पर्स अजून तुमची नाही, अस्तराला ओरखडा गेला तर पंचाईत. चांगले विक्रेते याला नाही म्हणत नाहीत. सामान भरल्यावर पर्स शोभते का, हे आरशात आत्ता बघा.

मग ती उघडून-मिटून बघा, आणि एकदाच नव्हे. झाकणाच्या पर्समध्ये काय होतं ते नीट अनुभवा. समजा साखळी दुहेरी करून खांद्यावर आहे. फोन वाजतो. डाव्या हाताने पर्स धरायची, उजव्याने कडी फिरवायची, झाकण वर उचलायचं, आणि ते खाली पडू नये म्हणून डाव्याच हाताच्या बोटांनी धरून ठेवायचं. आता उजवा हात आत. हातात पिशवी किंवा मुलाचं बोट असेल तर हे जमतच नाही. फिरवायच्या कडीला आणखी एक खोड असते: बंद करताना झाकणाची फट कडीवर बरोबर बसवावी लागते, न बघता ती बसत नाही. म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवून चालायची सवय लागते, आणि ते गर्दीत धोक्याचं. त्यापेक्षा वरची झिप किंवा दाबून लागणारं चुंबक बरं. चुंबकाने चिपवालं कार्ड खराब होत नाही, पण फक्त चुंबकीय पट्टी असलेली हॉटेलच्या खोलीची चावी त्याला चिकटून राहिली तर पुसली जाऊ शकते. ती वेगळ्या कप्प्यात ठेवा.

झिप तीन-चार वेळा पूर्ण ओढा. कोपऱ्यावर अडखळते का? झिपचे दात हाताच्या मनगटाला घासतात का? लहान तोंडाच्या पर्समध्ये हे रोज जाणवतं. पर्स घेऊन खुर्चीवर बसा, ती मांडीवर ठेवा, टेबलावर ठेवा. सपाट जागी आपोआप उभी राहते की आडवी पडते? आडवी पडणारी पर्स उघडी असेल तर सगळं बाहेर येतं.

कारागिरी बघताना तीन जागा पुरेशा आहेत. पट्टा पर्सला जोडला जातो ती जागा, कारण सगळा भार तिथे येतो: टाके सारख्या अंतराचे, दोरा कुठेही सैल नाही, पट्ट्याच्या मुळाशी चामडं दुमडून दुहेरी केलेलं. दुसरी, चामड्याच्या कापलेल्या कडा: त्यांवर रंगाचा लेप दिलेला असतो, तो सलग हवा, बुडबुडे किंवा भेग नको. कड वाकवल्यावर लेपाला सुरकुती पडत असेल तर तो लवकर सुटणार. तिसरी, बुडाचे चार कोपरे, कारण पर्स म्हातारी व्हायला तिथूनच सुरुवात होते.

टॅग न काढता घरचे दिवस

विकत घेण्याआधी परत करण्याची अट वाचा: किती दिवसांत, पैसे परत मिळतात की फक्त बदली, पावतीसोबत आणखी काय लागतं. बहुतेक ठिकाणी टॅग, धातूवरचं पातळ प्लास्टिक आणि डस्ट बॅग, म्हणजे पर्ससोबत मिळणारी कापडी पिशवी, जागेवर हवी असते. ती मुदत म्हणजे पर्स पारखायची तुमची वेळ. ती वाया घालवू नका, आणि तिचा गैरफायदाही घेऊ नका. बाहेर फिरवून आणलेली पर्स नवी म्हणून परत करणं बरोबर नाही, कारण ती पुढे कुणीतरी नवी समजून घेणार. सगळी चाचणी घरात होऊ शकते.

हात धुऊन, कोरडे करून, स्वच्छ चादरीवर पर्स ठेवा. अंगठी आणि बांगडी काढून ठेवा. सामान मऊ पाऊचमध्ये घालून आत ठेवा आणि उद्या बाहेर जाणार आहात असं समजून घरात वावरा. फोन पर्समध्येच राहू द्या. दर वेळी फोन लागला की पर्समधून काढायचा आणि परत ठेवायचा. अर्ध्या-एक तासात कळतं की किती वेळा कार्ड होल्डर आधी बाहेर काढावं लागलं. एक वस्तू काढायला दुसरी काढावी लागत असेल, तर एकतर मांडणी चुकतेय किंवा पर्स लहान आहे.

मांडणी आधी बदलून बघा. सपाट वस्तू पाठीच्या बाजूला, म्हणजे शरीराला लागून: फोन, कार्डं, पासपोर्ट. पासपोर्ट १२.५ बाय ८.८ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे प्रवासाला हीच पर्स न्यायची असेल तर तो एकदा ठेवून बघाच. गोल आणि टोकदार वस्तू मध्ये: किल्ल्या, लिपस्टिक. औषध आणि पॅड एका चपट्या पाऊचमध्ये तळाशी. आतला कप्पा असेल तर त्यात एकच वस्तू ठरवा, आणि ती कधीही बदलू नका. माझ्या मते किल्ली. अस्तर काळं असेल तर आतलं काही दिसत नाही, म्हणून पाऊच रंगीत घ्या. वस्तू नीट लावण्यासाठी मिळणारे फेल्टचे कप्पे लहान पर्समध्ये नको. ते स्वतःच जागा खातात.

त्यानंतर भरलेली पर्स घालून घरातली कामं करा. वाकून बूट घाला: पर्स पुढे झोका घेते का? वर ठेवलेली वस्तू काढा: पट्टा खांद्यावरून घसरतो का? भरलेली पर्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन बघा, आणि तुमच्या जुन्या पर्सचंही बघा. नव्या पर्सचं रिकामं वजनच भरलेल्याच्या निम्म्याहून जास्त निघालं तर तुम्ही मुख्यतः धातू आणि चामडं वाहणार आहात. मान किंवा खांद्याचं दुखणं असणाऱ्यांनी या आकड्याला सगळ्यात जास्त मान द्यावा. जे अंगावर रोज घालता ते कपडेही एकेक करून पर्ससोबत बघा. सैल विणीचा स्वेटर आणि जाळीचं कापड साखळीच्या कड्यांत अडकून ओढलं जातं.

या दिवसांत जे जे खटकेल ते कागदावर लिहा. मन फार लवकर समजूत घालतं, लिहिलेलं तसंच राहतं. खटकणारी गोष्ट सामान बदलून सुटते का, हे बघा. किल्ल्यांचं जुडगं कमी करता येतं, पण पट्टा टोचतोय, झाकण लागत नाहीये, पर्स उभी राहत नाहीये, या गोष्टी सुटणाऱ्या नाहीत. अशा वेळी मुदत संपायच्या आत परत करा, कितीही आवडली असली तरी.

उसनी, भाड्याची, जुनी

घरी आणून बघायची सोय नसेल तर मैत्रिणीकडे तोच आकार असल्यास एक दिवस उसना मागा. नेमकी तीच पर्स नसली तरी मापं जवळपास असली की काम होतं. काही ठिकाणी डिझायनर पर्स भाड्याने मिळतात; एखादं मॉडेल मनात पक्कं बसलं असेल तर घेण्याआधी हा खर्च वसूल होतो.

वापरलेली पर्स घेणं ही पहिल्या पर्ससाठी चांगली वाट आहे. नव्या वस्तूला डाग लागेल या धास्तीने पर्स बाहेरच न काढणाऱ्या बऱ्याच जणी असतात. आधीच थोडी घासलेली पर्स मोकळेपणाने वापरली जाते. घेताना बुडाचे कोपरे, पट्ट्याची मुळं आणि आतलं अस्तर यांचे जवळून काढलेले फोटो मागा. लेप दिलेलं अस्तर जुनं झालं की दमट हवेत चिकट होतं आणि सुटायला लागतं, आणि ते बदलून घेणं महाग पडतं. वासाबद्दल स्पष्ट विचारा: बुरशीचा आणि धुराचा वास सहसा पूर्ण जात नाही.

खरेपणा एकाच खुणेवर ठरवू नका. लुई व्हिताँच्या पर्समध्ये पूर्वी तारखेचा कोड छापलेला असे, २०२१ पासून त्याऐवजी आत चिप असते. शनेलनेही २०२१ मध्ये कार्ड आणि स्टिकर बंद करून चिप असलेली धातूची पट्टी आणली. म्हणजे नव्या पर्ससोबत कार्ड नाही म्हणून ती खोटी नाही, आणि जुनीसोबत कार्ड आहे म्हणून ती खरी नाही. कार्डंही नकली बनतात. तपासून हमी देणाऱ्या आणि खोटी निघाल्यास पैसे परत करणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या, आणि तपासणीचा कागद जपून ठेवा.

पहिले काही आठवडे

टॅग काढला की पर्स वापरायला काढा. कामाला, बाजाराला, बसमध्ये न्या. फक्त काही सवयी पहिल्या दिवसापासून लावा. सॅनिटायझर लावल्यावर हात पूर्ण सुकल्याशिवाय पर्सला हात नको. त्यातल्या अल्कोहोलने चामड्याचा वरचा लेप आणि रंग उतरतो. हँडक्रीमचंही तेच, तेलाचा डाग फिक्या हँडलवर राहतो. पेन आत ठेवायचंच असेल तर पाऊचमध्ये. बाहेर बसताना पर्स जमिनीवर नको. मांडीवर, किंवा टेबलाला लावायच्या हूकवर.

पावसात भिजली तर मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्या, घासू नका. आतलं सामान काढा, पांढरा कागद भरा आणि सावलीत, वाऱ्यावर सुकू द्या. हेअर ड्रायर, हीटर, ऊन यांनी चामडं कडक होतं आणि तडकतं. चामड्याचं क्रीम लावायचं असेल तर आधी बुडाच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी थोडंसं लावून एक दिवस थांबा, रंग गडद होत नाही ना ते बघा. सुएड आणि व्हॅचेटाला साधं क्रीम लावू नका.

रोज रात्री पर्स पूर्ण रिकामी करणं जमत नाही, आणि तशी गरजही नाही. आठवड्यातून एकदा उपडी करा, अस्तर झटका, पावत्या काढा. लहान पर्समध्ये चार पावत्यांनीही झाकण लागेनासं होतं, त्यामुळे ही सवय तिथे जास्त उपयोगी पडते. काही दिवस वापरायची नसेल तर आत पांढरा कागद सैलसर भरा, छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. मग डस्ट बॅगमध्ये, कपाटात उभी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी येते, म्हणून ती टाळा, आणि हवा दमट असेल तर कपाटात सिलिका जेलची पुडी ठेवा. पट्टा निघत असेल तर काढून वेगळा गुंडाळा. निघत नसेल तर साखळी मऊ कागदात गुंडाळून पर्सच्या आत सोडा. ती बाहेरून चामड्यावर टेकून राहिली की कड्यांचे ठसे उमटतात, आणि मऊ चामड्यावरचे ते ठसे सहसा जात नाहीत.